आरतीआधीचे मोदक

चाइम पोटॉक यांच्या ‘द चोझन’ या १९६७ सालच्या कादंबरीत दोन ज्यू पोरं आहेत. गाव ब्रुकलिन, साल १९४४. डॅनीनं टोलवलेला चेंडू रूव्हेनच्या चष्म्यावर बसतो, काच डोळ्यात जाते आणि दवाखान्यात दोस्ती जमते. डॅनीचा बाप हसिदी पंथाचा धर्मगुरू, रूव्हेनचा बाप जुन्या पोथ्या चिकित्सेनं वाचणारा विद्वान. देव एक, पोथीही एक, तरी घरांची तोंडं दोन दिशांना.

गंगाखेडात बसून हे वाचताना मला काहीच परकं वाटेना. आमचे अण्णा माळकरी. जनाबाईच्या गावचे, म्हणून जरा जास्तच. माझा मित्र महानुभाव, त्याचे बाबा चक्रधर स्वामींचे. दोन्ही घरांत कृष्णच. पण अण्णांचा विटेवर उभा, आणि बाबांचं त्या विटेशी काही देणंघेणं नाही. रस्त्यात गाठ पडली की अण्णा म्हणत ‘राम कृष्ण हरी’, बाबा म्हणत ‘दंडवत प्रणाम’. एकमेकांचा नमस्कार कुणी उचलायचा नाही. मग तासभर कापसाचा भाव.

महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतकं सांकेतिक लिपीत होत्या, हे कळल्यावर आम्ही दोघांनीही एक लिपी काढली. गणिताच्या सरांनी ती एका तासात फोडली.

डॅनीचा बाप पोथीचा अभ्यास सोडला तर मुलाशी बोलतच नाही. का, तर पोराला दुसऱ्याचं दुःख कळावं. इथे मी पुस्तक मिटून हसलो. आमच्याकडे निम्मे बाप कसलंही तत्त्वज्ञान न लावता हेच करत. अण्णांचं माझ्याशी रोजचं वाक्य एकच: ‘म्हशीला पाणी दाखवलं का?’ पुढे ज्यूंच्या राष्ट्राच्या वादावरून डॅनीचा बाप दोस्तीच तोडायला लावतो. आमच्याकडे तेवढं ताणलं नाही. कापूस मध्ये होता.

खरी पंचाईत गणपतीत. दुसऱ्या देवाचा प्रसाद मित्राला चालत नसे. आईनं त्यावर शास्त्रार्थ केला नाही. नैवेद्य दाखवायच्या आधीच तळणीतले पाच मोदक वाटीत काढून वर ताटली झाकायची. मी हात लावला तर मात्र फटका.

यंदा त्याचा मुलगा आला तेव्हा आरती होऊन गेलेली. पोरगं उंबऱ्यातच घुटमळलं. आई आता पंच्याऐंशीची. भिंतीला धरून उठली, विझवलेला गॅस पेटवला, उरलेल्या कणकेचे चार मोदक वळून कढईत सोडले आणि झाऱ्यावरूनच त्याच्या ताटलीत घातले.

‘खाय बाबा बिनघोर. हे अजून देवाला ठाऊक नाहीत.’