गाडी उंच करावी म्हणतो

पिकअपला मोठी टायरं बसवायचा विषय साताऱ्यात काढला, तर गॅरेजपुढं चार माणसं जमतात. सांगलीत आठ जमतात. यांतल्या एकाचीही पिकअप नसते, त्यामुळं सल्ला अगदी निःपक्षपाती मिळतो.

माझ्या गाडीला 215/75 आर 15 ची टायरं आहेत. मेव्हण्याच्या डोक्यात 235 शिरलं. मेव्हणा सांगलीचा, हळदीच्या पेठेतला. "दाजी, तुमची एमएच 11 आमच्या एमएच 10 शेजारी उभी राहिली की बसल्यासारखी दिसती," हे त्याचं तांत्रिक कारण.

मी कागद-पेन्सिल घेतली. नवं टायर जुन्यापेक्षा साधारण सव्वा इंचानं उंच. पण आस चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून डिफरन्सलचा गोळा त्याच्या निम्माच, म्हणजे अर्ध्या इंचाच्या थोडा पुढं वर जाणार. दगडाला आधी टेकतो तो गोळाच, आणि तो टायरशिवाय दुसऱ्या कशानंही वर जात नाही. वर बॉडी कितीही चढवा! शिवाय स्पीडोमीटरचा काटा 60 वर असेल तेव्हा गाडी 62 च्या पुढं असणार. हे ऐकून मेव्हणा खूश. "म्हंजे स्पीड पन वाढतोय!"

मोठं टायर वळणावर आणि भरल्या गाडीत मडगार्डला घासणार, म्हणून गाडी उचलायची. कशी, यावर पंथ आहेत.

पहिला पंथ पाटा वाढवणाऱ्यांचा. मागच्या कमानीत एक जादा पाटा सरकवायचा. पोती भरलेली असली की गाडी ताठ. रिकामी असली की पेठनाका ते सांगली रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आपल्या मणक्यांना नावानिशी भेटतो. दुसरा पंथ ठोकळेवाल्यांचा. आस आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा, त्यावर लांब यू-बोल्ट. स्वस्त काम, पण प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस कुरकुरायला लागतो. तिसरा पंथ लांब शॅकलचा. यात गाडीचा मागचा भाग असा उचलतो की ती कायम उतारावर उभी असल्यासारखी दिसते. चौथा बॉडी आणि चेसिसच्या मध्ये गुटके घालणाऱ्यांचा. यात स्टिअरिंग, गिअरचा दांडा आणि पायपा, सगळ्यांनाच मान लांब करावी लागते.

सातारकरांचं आणि सांगलीकरांचं यावर एकमत होणं शक्य नाही. साताऱ्यातल्या मिस्त्रींना यवतेश्वरचा घाट दिसतो. "उंच गाडी वळणावर झुकती. कासला फुलं बघायची का दरीत?" सांगलीच्या मिस्त्रींना कृष्णा दिसते. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. "उंच केलेली बरी," ते म्हणाले. साडेसत्तावन्न फुटांपुढं दोन इंच काय करणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. नदी तीच, महाबळेश्वरहून निघालेली; साताऱ्याला ती उतार शिकवते आणि सांगलीला पातळी.

मधे एका जाणकारानं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, हे 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय. गॅरेजपुढची गर्दी एकदम पांगली. इतकी माणसं इतक्या वेगानं सांगलीत एरवी भडंगाच्या दुकानाकडंच जातात.

शेवटी साताऱ्याचे मिस्त्री गाडीखाली झोपले. बोट लावून म्हणाले, "पाटं बसल्यात. कमान गेलीय सगळी." पाटे सोडवून कमानवाल्याकडं पाठवले. त्यानं ते तापवून, ठोकून पुन्हा वाकवले, झिजलेले बुश बदलले आणि गाडी मुळात होती तेवढी उंच झाली. कलम 52 सुखरूप, घाट सुखरूप, मणकेही बरेचसे सुखरूप.

सांगलीत मात्र मेव्हण्यानं पेठेत सांगून टाकलंय की दाजींनी बाहेरच्या देशातलं किट बसवलंय. लोक वाकून बघतात, किंमत विचारतात. मी नुसता हसतो. आकडा मेव्हणा सांगतो, आणि तो दर बाजाराला वाढतोय.

परवा त्यानं मडगार्डखाली हात घालून वीतभर जागा मोजली आणि म्हणाला, "दाजी, आता एवढी जागा झालीच आहे, तर 235..."