कानात तेल

घरात वास येऊ लागला तेव्हा पहिला संशय माझ्या मोज्यांवर गेला, दुसरा थेट माझ्यावर. रात्रभर झाकून ठेवलेल्या कळण्याच्या पिठासारखा आंबूस वास. हिनं मला ओट्यावर झोपायला पाठवलं, तर वासही मागोमाग ओट्यावर आला. कारण शेरू माझ्या पायथ्याशी झोपतो.

शेरू म्हणजे आमचा लॅब्रडॉर. मुक्ताईनगरच्या उन्हाळ्यात हे केसाळ जनावर कशाला, असं सगळ्या गल्लीनं विचारलं होतं. मी ऐटीत म्हणालो होतो, "हतनूरचं बॅकवॉटर आहे ना!" रोज संध्याकाळी तो पाण्यात आणि मी काठावर. त्याचा कान उलटून पाहिला, तर आत लालभडक, काळपट मळ, आणि वासाचं मूळ.

माय लहानपणी आमच्या कानात लसणाचं कोमट तेल घालायची. माणसाला चालतं ते कुत्र्याला का नाही, असा शास्त्रशुद्ध विचार करून मी पाकळ्या तळायला घेतल्या. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन आले, त्याचं लोक अजून कौतुक करतात. पण वाघाच्या कानात तेल घालायच्या फंदात तेही पडले नव्हते. शेरूनं एकदाच मान झटकली. नवा चुना दिलेली भिंत, ट्यूबलाइट आणि समोर भरीत-पुरीचं ताट घेऊन बसलेल्या व्याह्यांचा पांढराशुभ्र झब्बा, सगळीकडे समान वाटप झालं. व्याही सज्जन. ताटाकडे बघत म्हणाले, "भरितात तेल असलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना. रांगेत गाई, शेळ्या, एक रेडकू आणि आम्ही दोघं. शेजारचे आजोबा शेरूला आपादमस्तक न्याहाळत म्हणाले, "दूध नाय, शेण नाय, मंग याले पोसता कशाले भो?" उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

डॉक्टरांनी कानातला मळ काचेवर घेऊन रंगवला आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवला. मधे कंबर असलेल्या जांभळ्या पेशी. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट. निरोगी कानातही ती थोडी असतेच, पण ओल मिळाली की माजते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत काटकोनात वळते. वर लॅब्रडॉरचा झाकण घातल्यागत लोंबता कान, आत मी रोज भरलेलं बॅकवॉटर! पुन:पुन्हा होत असेल तर मुळाशी बहुधा ॲलर्जी असते, म्हणून पंजे चाटतो का, हेही त्यांनी विचारलं. मग आवाज जरा चढला. पडदा शाबूत आहे का ते बघितल्याशिवाय कानात काहीही घालायचं नाही. तो फाटलेला असला तर काही औषधांनी बहिरेपणसुद्धा येतो. जोरजोरात मान झटकून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, ते वेगळंच.

"इअरबड वापरता?"

"फक्त स्वतःसाठी."

"त्याला नको. मळ आणखी आत जातो."

शेरूचा पडदा शाबूत निघाला. धुवायचं औषध आणि थेंब मिळाले. थेंब घालताना शेरूला धरायला मी, आणि मला धीर द्यायला ही.

आता पोहणं झालं की मी चांगदेव गावाजवळच्या काठावर मांडी घालून बसतो आणि कापसानं त्याचे कान कोरडे करतो. परवा देवदर्शनाला आलेल्या एक मावशी बराच वेळ बघत उभ्या होत्या. शेवटी विचारलंच, "भाऊ, माणसाचे बी कान साफ करता का?"

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "घरचं एक गिऱ्हाईक बाकी आहे, त्याचं झालं की सांगते."