बुलेटचे दागिने

'एका झटक्यात निघतं साहेब,' असं बुलेटवरच्या सामानाबद्दल दुकानदार कौतुकानं सांगतो; कुणाच्या झटक्यात, ते सांगत नाही. मुरूडला जंजिरा किल्ला बघायला निघालो तेव्हा माझ्या बुलेटवर असं बरंच काही होतं. बाजूला लटकणाऱ्या दोन बॅगा, टाकीवर लोहचुंबकानं चिकटणारी तिसरी (लोहचुंबकाला मालक ओळखता येत नाही), दोन हेल्मेटं. पक्का होता तो फक्त मोबाइल होल्डर. त्याच्या एलन बोल्टच्या खाचेत मेकॅनिकनं सायकलचा छर्रा ठोकून वर एम-सील भरलं होतं. आता चावी बसणार कशात?

ताम्हिणी घाट सुंदर आहे म्हणतात. मी आरशात बॅगा बघत होतो.

राजपुरीच्या धक्क्यावर सौ. म्हणाली, "राहू दे की सगळं, कोण नेतंय!" ज्यांचं कधी काही चोरीला गेलेलं नसतं, त्यांचा माणुसकीवर फार विश्वास. मी सगळं उतरवलं. शिडाच्या होडीत बसलो तो दोन्ही खांद्यांवर बॅगा, गळ्यात टाकीची बॅग आणि कोपरांत हेल्मेटं घेऊन. समोरच्या पोरानं आईला विचारलं, "हे काका किल्ल्यात डिलिव्हरी द्यायला चाललेत?"

जंजिऱ्याच्या दाराशी होडी लाटेवर वरखाली होत होती आणि नेमका क्षण साधून पायरीवर उतरायचं होतं. माझा उजवा पाय पायरीवर, डावा होडीत आणि बॅगा तिसऱ्याच दिशेला. "आधी सामान वर घे रे!" खलाशी ओरडला, आणि दोघांनी पट्ट्याला धरून मलाच वर खेचलं. सौ. दुसरीकडे बघत होती. आमची ओळख नसावी.

किल्ला मात्र माझ्या मताचा निघाला. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. संभाजीराजांनी वेढा घातला, खाडीत भराव टाकून वाट करायला घेतली, तरी सिद्दीनं किल्ला सोडला नाही. गेला तो थेट १९४८ साली, संस्थान विलीन झालं तेव्हा. कलालबांगडी तोफ तर उघड्यावर ठेवलीय, कुलूप नाही, साखळी नाही. नुसतं वजन!

परत आलो तर सीटवर ओलं गोणपाट. शेजारी ताडगोळे विकणारी आजी म्हणाली, "उनाचं तापलं असतं ना, बायला बसवलं नसतं." मी तिला गाडीकडे लक्ष ठेवायलाही सांगितलं नव्हतं. गाडी लावताना तिच्याकडे संशयानं बघितलं होतं तेवढं. ताडगोळे घेतले, पण तिच्या नजरेला नजर देववेना.

चोरी झाली ती पुण्यात, आमच्याच सोसायटीत, सीसीटीव्हीच्या बरोब्बर खाली. चित्रीकरणात दिसतं ते असं: चोर कव्हर बाजूला सारतो, होल्डरच्या बोल्टशी बराच वेळ झटतो, कपाळावर हात मारतो आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कव्हरच घेऊन जातो.

तेव्हा बोल्टांत छर्रे ठोकून घ्याच. कव्हरं मात्र दोन आणून ठेवा.