बीएमडब्ल्यू की ऑडी?

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या एका स्नेह्यांपुढे यक्षप्रश्न आहे: बीएमडब्ल्यू आयएक्स घ्यावी की ऑडी क्यू८ ई-ट्रॉन ५५? दोन्ही विजेवरच्या, दोन्ही कोटीच्या घरातल्या. ऑडीची बॅटरी ११४ किलोवॉट-तासांची, म्हणजे सोसायटीच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर भरायला चांगला दीड दिवस. लवकर भरणारा वॉलबॉक्स बसवायचा तर सेक्रेटरींची ना-हरकत हवी, आणि ते स्वतः अजून सीएनजीवर आहेत. आयएक्स शून्यावरून शंभरावर काही सेकंदांत जाते म्हणे. द्वारका एक्स्प्रेसवेवर ठीक, पण मेट्रो स्टेशनपाशी पुढ्यात ई-रिक्षा आडवी उभी असते. तीही विजेवरचीच. वहिनींनी एवढंच विचारलं, "उभी कुठे करणार?" त्यावर सध्या रंगाची चर्चा चालू आहे.