नानांचा ताळेबंद

नाना गेली वीस वर्षं बदलापूरला राहायला जात आहेत. अजून निघालेले नाहीत, एवढंच. परळच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीतल्या लोखंडी खुर्चीत बसून ते हा प्रवास करतात. सोबत सामान म्हणून दोनशे पानी वही, लाल आणि निळं अशी दोन पेनं आणि खिशात मेजरिंग टेप.

नोकरीची सगळी वर्षं नाना एका कंपनीच्या हिशेब खात्यात होते. त्यामुळे त्यांच्या वहीत फायदे-तोटे वगैरे भाषा नाही. डाव्या पानावर ‘जमा’, उजव्या पानावर ‘नावे’. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय वही मिटायची नाही, ही खात्यातली शिस्त. घर बदलायचं तर कुठलीतरी एक बाजू जड व्हावी लागते, हे मात्र त्यांना कधी पटलं नाही. एक बाजू जड दिसली की त्यांना वाटतं, नोंद राहून गेली. मग ती सापडेपर्यंत ते जेवत नाहीत.

पहिली नोंद अर्थातच अंतराची. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. कल्याणला लाइन फुटते, एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. आणि फुटलेल्या लाइनवर गाड्याही वाटल्या जातात. एक चुकली तर पुढची येईपर्यंत एक चहा, एक वडापाव आणि एक भांडण आरामात मावतं. ही झाली ‘नावे’. लगेच ‘जमा’: काही गाड्या बदलापूरहूनच सुटतात, बसायला मिळेल. लगेच ‘नावे’: हे सगळ्या बदलापूरला माहीत आहे. नाना सकाळच्या गर्दीत स्वतः जाऊन बघून आले. परत आले तेव्हा चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून आल्यामुळे एका बाजूला कललेले होते. तशा अवस्थेतही त्यांनी आधी वही मागितली, पाणी नंतर.

रविवार हा नानांचा साइट बघायचा वार. सेल्स ऑफिसातली पोरं टाय लावून कितीही तयारीत असोत, नाना आत शिरले की त्यांना कामं आठवतात. सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळे पडदे बघतात, नाना टेप काढून पलंग मोजतात.

“हा पलंग साडेपाच फुटांचा आहे. यावर झोपणार कोण?”

“काका, तो फक्त डिस्प्लेला आहे.”

“म्हणजे खोलीही डिस्प्लेलाच.”

महारेरा आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, नानांना वेगळीच धार चढली आहे. त्याआधी ‘सुपर बिल्टअप’ नावाच्या धुक्यात त्यांना जिना, लिफ्ट आणि गच्चीचा तुकडा यांतून आपलं घर शोधावं लागे. आता ते दारातूनच कार्पेट एरिया आणि नोंदणी क्रमांक विचारतात. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं माहितीपत्रकात असलं की ती पाच मिनिटं ते चालून बघतात. त्यांच्या मते ब्रोशरमधली पाच मिनिटं ही रात्री दोन वाजता, रिकाम्या रस्त्यावर, उताराने पळणाऱ्या माणसाची असतात. एका पोराने त्यांना सांगितलं, “काका, आमचा प्रोजेक्ट अगदी निसर्गाच्या कुशीत आहे.” नानांनी विचारलं, “निसर्ग येतो कुठल्या बाजूने? डोंगराच्या, की उल्हास नदीच्या?”

हा प्रश्न उगाच नव्हता. टोकनचा चेक लिहिण्यापर्यंत नाना आयुष्यात एकदाच पोहोचले, ते २००५ च्या जुलैमध्ये. तारीख आणि रक्कम घालून झाली, सही तेवढी बाकी होती. मग २६ जुलै आली. उल्हास नदी बदलापुरात शिरली. त्याच दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि परळमध्येही लोक छातीइतक्या पाण्यातून घरी आले. पण वहीत फक्त बदलापूरचं पाणी चढलं. “आपलं पाणी ओळखीचं आहे,” असं नानांचं म्हणणं.

तेव्हापासून त्यांनी पूररेषांचा अभ्यास केला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे ते चाळीतल्या पोराटोरांनाही समजावतात. अडचण एकच. शंभर वर्षांतला तो पूर येऊन गेला असेल तर ‘जमा’, यायचा असेल तर ‘नावे’. आणि नदी काही लेखी देत नाही. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, तेव्हा नाना दिवसभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. प्रवासी सुखरूप सुटल्यावर त्यांनी मनापासून हात जोडले आणि मग लाल पेन उघडलं.

खरी गंमत पुढेच आहे. नाना जे तोलत होते ते वाढत होतं. २००१ च्या जनगणनेत बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, आणि त्यानंतर तर टॉवरच टॉवर. वहीच्या पहिल्या पानावर ‘जमा’कडे होतं: शांतता, झाडं, हवा, भाव. ‘नावे’कडे: मोठा दवाखाना नाही, कॉलेज लांब, रात्री रस्ता दिसत नाही. पुढे दवाखाना आला. नानांनी आनंदाने ‘नावे’तली ओळ खोडली. पण दवाखान्यासोबत पाच इमारती आल्या म्हणून ‘जमा’तली शांतता खोडावी लागली. दिवे आले, झाडं गेली. कॉलेज आलं, भाव चढला. एका बाजूची ओळ गेली की दुसऱ्या बाजूचीही जायची. नानांना हवं होतं २००४ चं बदलापूर, त्याच भावात, २०३० च्या सोयींसकट. अशी स्कीम अजून कुठल्या बिल्डरने काढलेली नाही. काढली असती तरी नानांनी तिचा नोंदणी क्रमांक मागितलाच असता.

येऊ घातलेल्या गोष्टींचं तर वेगळं खातं आहे. कल्याण-बदलापूर तिसरी आणि चौथी लाइन, कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४, बडोदा-मुंबई महामार्ग. यावर नानांचा युक्तिवाद ऐकावा. “मेट्रो आली की भाव वाढणार, म्हणजे आधी घ्यायला हवं. पण आलीच नाही तर आपण फसलो, म्हणजे नंतर घ्यायला हवं.” मग आत्ता काय करायचं? “आत्ता चहा घे.”

परळच्या बाजूलाही त्यांनी अन्याय केलेला नाही. वीज बेस्टची, महावितरणची नाही. केईएम चालत दहा मिनिटांवर, टाटा त्याच्या शेजारी. चाळ पागडीची आणि उपकरप्राप्त, त्यामुळे पुनर्विकास झाला तर निदान तीनशे चौरस फूट पदरात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १६० फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्या बातमीचं कात्रण वहीत डिंकाने चिकटवलेलं आहे. ती म्हाडाची योजना आणि आपला मालक तो आपला मालक, हे त्याखाली बारीक अक्षरात.

काकूंना या वहीचा तिटकारा आहे. “पाहुणा आला की स्वतः गॅलरीत झोपतात, आणि आजारपणाच्या सोयी मोजतात!” असं त्या भांडी घासता घासता भिंतीला सांगतात. वीस वर्षांत त्यांनी वहीत एकच नोंद करायला लावली: ‘संडास घरात’. आमच्या चाळीत तो गॅलरीच्या टोकाला, आठ बिऱ्हाडांत मिळून. पावसाळ्यात, रात्री, गुडघे दुखत असताना ते टोक किती लांब असतं हे काकूंना माहीत. नानांनी ती नोंद घेतली, एका ओळीत. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला मात्र वहीत अडीच ओळी आहेत.

आणि आता साडू. काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान २००९ मध्ये एका संध्याकाळी सहज आले, वहीचं डावं पान वाचलं, उजवं उलटायच्या आत चहा आला, आणि पुढच्या रविवारी त्यांनी बदलापूरला फ्लॅट बुक केला. कर्ज फिटलं. बाल्कनीत कढीपत्ता आहे. “नाना, सगळं तुमच्या वहीमुळे!” असं ते दर दिवाळीला चारचौघांत सांगतात, आणि नानांच्या हातातली चकली तुटते. त्यांच्यामागोमाग आमच्या चाळीतली तीन-चार बिऱ्हाडंही वही वाचून गेली. आजही जीवन प्राधिकरणाचं पाणी कमी दाबाने आलं किंवा सोसायटीचं कन्व्हेयन्स अडलं की त्यांचा फोन नानांना येतो. बदलापूरची एवढी माहिती असलेला माणूस बदलापुरात नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं, “नाना, ज्यांनी अर्धी वही वाचली ते सगळे तिथे पोहोचले.”

“बरोबर,” नाना शांतपणे म्हणाले. “अर्ध्या हिशेबावर लोक लग्नंही करतात.”

आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

गेल्या पावसाळ्यात काकूंच्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला, तेव्हा त्या चार दिवस बहिणीकडे आराम करायला गेल्या. तिथे लिफ्ट आहे, आणि सगळं घरातच. चार दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना. मग कळलं, काकू तिथल्या महिला भजनी मंडळात टाळ धरतात आणि मंगळवारच्या बाजारात भाजीवाली त्यांना नावाने हाक मारते. बदलापूरला जायचं की नाही यावर त्यांनी चर्चा केली नाही. चार साड्या आणि औषधांचा डबा मागवून घेतला फक्त.

नाना आता खानावळीत जेवतात. परवा त्यांच्याकडे गेलो तर वहीचं नवं पान उघडलेलं होतं. चेहरा गंभीर, दोन्ही पेनं उघडी. वीस वर्षांच्या नोंदी बाजूला ठेवून त्यांनी हिशेब पहिल्यापासून मांडला होता. डाव्या पानावर एकच शब्द: ‘जेवण’. उजव्या पानावर एकच शब्द: ‘साडू’.

नानांनी दोन्हींखाली रेघ ओढली, क्षणभर बघितलं आणि वही मिटली.

“बघ,” ते म्हणाले, “जुळलं.”