साडूभाऊ, टेप आणि पवनीचा स्तूप

पवनीला निघालोय असं नागपुरात कुणालाही सांगा, समोरचा लगेच विचारतो, "सफारीचं बुकिंग केलं का?" उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं एक फाटक पवनीकडे आहे. त्या फाटकामागे वाघ आणि वाघामागे काही नाही, असा नागपूरकरांचा भूगोल. 'जय' नावाचा धिप्पाड वाघ याच जंगलात होता. २०१६ साली तो बेपत्ता झाला, पण त्याला पाहायला येणारे काही बेपत्ता झाले नाहीत. आम्ही जुन्या इमारती पाहायला चाललोय म्हटल्यावर शेजाऱ्यांनी "बरं वाटत नाहीये का?" अशा नजरेनं पाहिलं.

तसं पाहिलं तर वाघापेक्षा हा मामला सरळ होता. वाघ दिसेलच याची हमी नसते. पवनीतली सगळ्यांत जुनी इमारत दिसणार नाही, याची मात्र पक्की हमी होती. ती जमिनीखाली आहे.

बरोबर साडूभाऊ होते. ठाण्याहून आमच्याकडे दिवाळीला आलेले, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. माणूस निवृत्त होतो, खातं होत नाही. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, शेंगदाण्याचा लाडू आणि मोजमापाचा टेप कायम असतो. ताजमहालासमोर उभं राहून त्यांनी "जॉइंट बरे भरलेत" एवढंच म्हटलं होतं, असं माझी मेव्हणी सांगते.

नागपूर ते पवनी ऐंशीएक किलोमीटर. उमरेडला कोळसा, भिवापूरला मिरची. काळा रंग संपला की लाल सुरू होतो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मी साडूभाऊंना कौतुकानं सांगितलं. त्यांनी खिडकीतून बघत, "साइडपट्ट्या भरलेल्या नाहीत," असं उत्तर दिलं.

पवनीच्या चौकात ऑटोवाल्याला म्हटलं, "स्तूप पाहायचाय."

"बसा ना जी, तिकडंच जाऊन रायलो."

गेला तो थेट गावाबाहेर, रुयाडच्या महास्तूपाकडे. हा २००७ साली उभा राहिलेला, जपानी बौद्धांच्या सहकार्याने बांधलेला. प्रशस्त आवार, स्वच्छता, शांतता आणि पार्किंग. साडूभाऊ एकदम खुलले. "याला म्हणतात फिनिशिंग! दोन हजार वर्षांपूर्वीचं असून काय मेंटेनन्स आहे!" मी त्यांना सन सांगितला. त्यांनी ऑटोवाल्याकडे पाहिलं. ऑटोवाला म्हणाला, "जुना पायजेन होता काय? मंग टेकडी म्हना ना बापा. इथं स्तूप म्हटला का हाच."

त्याचं काही चुकलं नाही. जुन्या पवनीत स्तूप नाहीत, टेकड्या आहेत. जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची टेकडी, हरदोलाला टेकडी. स्तूप बांधणारे गेले, वर माती चढली, मातीवर गवत आलं आणि उंचवटा दिसला की त्यावर देव बसवायचा या आपल्या नियमाने जगन्नाथाचं देऊळही आलं. बुंदेलखंडातला लोकदेव हरदोल लालाही एवढ्या लांबून येऊन एका टेकडीला नाव देऊन गेला. खाली कोण आहे, ही चौकशी कुणी केली नाही. ती १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी खोदायला घेतलं आणि टेकडीच्या पोटातून विटांचा प्रचंड गोल निघाला.

पण त्याआधी गावात शिरायला हवं, आणि पवनीत शिरायचं तर दारातूनच. गावाच्या तीन बाजूंना मातीचा तट, त्यावर दगडी बांधकाम, बाहेर खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा. नदीला तट लागत नाही, हे पवन राजाच्या अभियंत्याने ओळखलं आणि एक चतुर्थांश खर्च वाचवला, असं साडूभाऊंचं मत. पवन राजा कोण, हे गावात प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येकाचा पवन राजा वेगळा असतो. किल्ल्याच्या वेशीला मात्र आज जवाहर गेट म्हणतात. म्हणजे राजा दंतकथेत, दारावर पंडितजी आणि दाराखालून म्हशी. आम्ही गेलो तेव्हा त्या पाळीपाळीने आत येत होत्या, आणि तिथे उभं राहून आम्हीच वाहतुकीला अडथळा करत होतो.

साडूभाऊंनी कमानीखाली टेप काढला. दोन मिनिटांत पोरं गोळा झाली. एकानं विचारलं, "रोड रुंद होऊन रायला काय जी?" दुसरा धावत घरी गेला. थोड्या वेळाने एक गृहस्थ बनियनवरच आले. आमचं घर पाडणार असाल तर आधी नोटीस द्या, म्हणाले. आम्ही फक्त इतिहास मोजतोय, हे त्यांना पटवता पटवता घाम फुटला. टेप पाहिला की माणूस भूतकाळाचा विचार करत नाही, नुकसानभरपाईचा करतो.

जगन्नाथ टेकडीवर एक म्हातारबाबा सावलीत बसले होते. मी नमस्कार करून विचारलं, "बाबाजी, इथला स्तूप कुठे आहे?"

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. "तुमी कशावर उभे आहा?"

या एका उत्तरात पवनीचं सगळं पुरातत्त्व आलं. या गावात इतिहास पाहायला मान वर करायची गरज नाही, पायाखाली बघायचं. उत्खननकर्त्यांच्या मते इथलं पहिलं बांधकाम मौर्यांच्याही आधीचं. मौर्यकाळात ते वाढवलं, पुढे शुंग-सातवाहन काळात भोवती दगडी कठडा आणि तोरणं आली. हे ऐकून साडूभाऊ हळवे झाले. "म्हणजे मूळ एस्टिमेट, मग रिवाइज्ड, मग सेकंड रिवाइज्ड. आणि तिन्ही मंजूर!"

मग मी त्यांना आकडे दिले. त्यांना प्रसाद म्हणून आकडेच लागतात. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा व्यास ३८.२० मीटर, चांडकापूरचा ४१.६० मीटर. सांचीचा मोठा स्तूप सुमारे ३६.६० मीटर. साडूभाऊंनी तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली आणि रागावले. चांडकापूरचा स्तूप सांचीपेक्षा तब्बल पाच मीटरनं मोठा आणि हे ठाण्यात कुणाला माहीत नाही! जणू ते पाच मीटर त्यांच्याच बिलातून कापले होते.

खाली उतरून चहा घेतला. पैसे देताना माझ्याकडे दोनशेची नोट होती. सुट्टे नाहीत म्हणून हॉटेलवाल्याने ती परत केली. साडूभाऊंनी नोट हातात घेतली, उलटी केली आणि हॉटेलवाल्यासमोर धरली. मागे सांचीचा स्तूप छापलेला. "हा छत्तीस मीटर. तुमचा एक्केचाळीस. नोटेवर कोण आहे बघा!" हॉटेलवाल्याने निरखून पाहिलं आणि म्हणाला, "आमचा छापला असता तरी सुट्टे नव्हतेच ना भाऊ." सांचीचं भाग्य एवढंच की तिथला स्तूप विसरला गेला तरी उघड्यावर उभा होता. पवनीचा देवळाखाली गेला. नोटेवर यायचं असेल तर आधी दिसावं लागतं.

पण पवनीत जे निघालं ते सांचीच्या तोडीचंच. कठड्याच्या खांबांवर बोधिवृक्ष आहे, धर्मचक्र आहे आणि मुचलिंद नागही. पावसात ध्यानाला बसलेल्या बुद्धावर ज्याने फणा धरला, तो हा नाग. खाली त्याचं नावही कोरलंय. फण्याखाली बुद्धाची मूर्ती नाही, रिकामं आसन आहे. त्या काळी बुद्ध माणसाच्या रूपात दाखवत नसत, खुणेनं सुचवत. मी मोबाइलवर फोटो दाखवला. साडूभाऊ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रिकाम्या खुर्च्या आमच्या खात्यातही पुष्कळ पाहिल्या. पण खुर्चीवर कुणी नसताना लोक हात जोडतायत, हे पहिल्यांदा पाहतोय."

खरा धक्का त्यांना पुढे बसला. हा कठडा कुणा राजाने एकहाती बांधलेला नाही. वर्गणी काढून झालाय. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी सूची, आणि ज्याने जे दिलं त्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आपलं नाव घातलं. अमक्याचं दान, तमकीचं दान. विसमिता नावाच्या एका बाईने दान देऊन सर्व प्राणिमात्रांना सुख लाभो अशी इच्छाही कोरून ठेवलीय. भिक्खू आहेत, गृहस्थ आहेत, बायका आहेत. आज आपल्या देवळातल्या बाकांवर, फरशांवर आणि पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदारांची नावं वाचून आपण हसतो. हसू नये. ती किमान दोन हजार वर्षांची वहिवाट आहे. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, एवढाच सुधारणेचा तोटा.

"कोनशिला कुठेय?" साडूभाऊंनी विचारलं.

"नाही."

"कुणाच्या शुभहस्ते? अध्यक्ष? प्रमुख उपस्थिती?"

"नाही हो. फक्त ज्यांनी दिलं त्यांची नावं."

साडूभाऊ मिनिटभर गप्प. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. प्रत्येक पुलावर मंत्र्यांचं नाव आहे, आमदारांचं आहे, एका पुलावर तर उद्घाटनाला न आलेल्या सभापतींचंही आहे. साडूभाऊंचं कुठेच नाही. "विसमिताबाईंनी किती दिलं असेल?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांच्या आवाजात चक्क असूया होती.

राजघराण्यातल्या माणसांचं नशीबही इथे फार बरं नाही. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ पवनीत सापडला. विदर्भात क्षत्रप येऊन गेल्याचा मोठा पुरावा. तो स्तंभ आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. भार कुळातल्या भगदत्त राजाचा लेखही पवनीचाच. वा. वि. मिराशींनी असे लेख वाचून विदर्भाला त्याच्या पूर्वजांचं खातं मिळवून दिलं. १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुन्हा खोदून पाहिलं. पवनीत अजून काय काय दडलंय कुणास ठाऊक. इथे विहीर खणायची तर आधी इतिहासतज्ज्ञ गाठावा लागेल.

मध्ये पंचमुखी गणपती झाला. विदर्भातल्या अष्टविनायकांत पवनीचा सर्वतोभद्र. देवाला तोंडं अनेक असली की भक्ताची पंचाईत होते. समोर म्हणजे नेमकं कुठे? साडूभाऊंनी सगळ्या बाजूंनी नमस्कार केला आणि "कुठूनही अर्ज द्या, आवक-जावक एकच," असा निष्कर्ष काढला.

पवनीला विदर्भाची काशी म्हणतात ते घाटांमुळे आणि देवळांमुळे. दिवाण घाट, वैजेश्वराचा घाट. पायऱ्या उतरत नदीपर्यंत जातात आणि नदी स्वतःच्या मर्जीने कधी पायऱ्या चढून येते. ऑगस्ट २०२० अखेरच्या पुरात ती फार वर आली होती. एरवी संध्याकाळी इथे बसावं, पुढ्यात वैनगंगेचं रुंद पात्र आणि मागे देवळांची शिखरं. एकेकाळी रेशीमकाठी तलम कापडासाठी हे गाव ओळखलं जाई. कोष्ट्यांचे माग आता फार उरलेले नाहीत. पवनीबद्दल मला खरी हळहळ वाटली ती इथे. टेकडीखालचा स्तूप पुन्हा उघडता येतो, बंद पडलेला माग नाही.

नदीच्या वरच्या अंगाला गोसेखुर्दचं धरण. त्याचा विषय काढू नये असं मी ठरवलं होतं, पण घाटावरच्या एका गुरुजींनी काढला. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, ३३ दरवाजे, सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी आणि पुढे तो अठरा हजार कोटींच्याही पलीकडे. साडूभाऊ खात्याच्या बचावाला धावले. भूसंपादन, पुनर्वसन, महागाई, सगळं सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुमच्या त्या विसमिताबाईले द्यायले पायजे होतं काम." साडूभाऊंनी टेप पिशवीत टाकला. तो त्या दिवशी पुन्हा बाहेर आला नाही.

पवनीला जाणार असाल तर एक दिवस पुरे आणि वाघ नसला तरी चालतो. ऑटोवाल्याला स्तूप म्हणू नका, टेकडी म्हणा. रुयाडचा महास्तूप अवश्य पाहा, पण जुन्या टेकड्या पाहून झाल्यावर. जवळ सुट्टे ठेवा आणि कमानीखाली टेप काढू नका. रूपिअम्माचा स्तंभ पाहिल्याशिवाय पवनी पूर्ण होत नाही, तेव्हा परतताना नागपूरला अजब बंगल्यात जा. तो सोमवारी बंद असतो.