ए.वाय.वाले नाना

नानांना त्यांच्या लग्नाचं साल विचारू नका. "ए.वाय. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी," असं उत्तर येतं, आणि आतल्या खोलीतून काकू ओरडतात, "ब्याऐंशीचा मे!" दोघांचंही बरोबर असतं. एवढंच की काकू जगाच्या कॅलेंडरात राहतात आणि नाना आयकर खात्याच्या.

हे टॅक्सवाले नाना तुमच्याही गावात आहेत. नाव वेगळं असेल, काका किंवा अण्णा म्हणत असतील. अरुंद जिना, खाली भडंगाचं दुकान, वर पत्र्याची कपाटं, कपाटांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे आणि त्या गठ्ठ्यांखाली एक कायम वैतागलेला माणूस. आमचे सांगलीचे. हळदीचे अडत्ये, दोन-चार डॉक्टर, निवृत्त मास्तर आणि नोटीस आल्याशिवाय जिना न चढणारी उरलेली निम्मी सांगली, ही त्यांची गिऱ्हाइकं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिल ते मार्च तुम्ही जे कमावता त्याची आकारणी पुढच्या वर्षात होते. ते पुढचं वर्ष म्हणजे असेसमेंट इयर, ए.वाय. कामापुरतं हे ठीक आहे. पण नानांनी सबंध आयुष्याचीच आकारणी अशी करून टाकली. कपिल देवने वर्ल्ड कप आणला तो ए.वाय. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीत. धोनीचा षटकार २ एप्रिल २०११ चा, म्हणून तो ए.वाय. बारा-तेरात. "दोन दिवस आधी मारला असता तर अकरा-बारात बसला असता," हे ते खरोखरच हळहळून सांगतात. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली आणि सात महिन्यांनी, मार्च संपायला आठवडा असताना, लॉकडाऊन लागला. आपल्या लेखी ती दोन वेगळ्या वर्षांतली संकटं. नानांच्या लेखी एकच: "वीस-एकवीस. पूर आणि कोरोना एकाच ए.वाय.ला." नातवाच्या बारशाची पत्रिकासुद्धा त्यांनी लिहिली असती तर निम्मे पाहुणे पुढच्या वर्षी आले असते. शिवराज्याभिषेक मात्र १६७४. तिथे ते एक वर्षही पुढे सरकत नाहीत. तेवढा मान राखतात.

आमच्या मेहुण्याला घेऊन मी वर गेलो तेव्हा नाना चष्मा पुसत होते. मेहुणा म्हणजे बापू. त्याने अनेक वर्षं रिटर्न भरलेलं नव्हतं. का, तर भरायचं राहिलं, मग राहिलेलं सांगायचं राहिलं. मध्ये वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा बेचाळीस लाखांना विकला. शेतजमिनीला टॅक्स नसतो, असं त्याला चहाच्या गाड्यावर कोणी तरी सांगितलं होतं. तीस लाखांवरचा कुठलाही व्यवहार सब-रजिस्ट्रारकडून तेव्हा आपोआप आयकर खात्याला कळायचा, हे गाड्यावर कोणाला माहीत नव्हतं. एक दिवस ईमेल आली, कलम १४८ए ची. बापूला ती फसवणूक वाटली म्हणून त्याने तिकडे बघितलं नाही. मग दुसरी आली. तेव्हा, "दाजी, जरा येता का?"

नानांनी 'या' म्हटलं नाही, 'बसा' म्हटलं नाही. म्हणाले, "कितवं ए.वाय.?"

"वीस साली विकली, नाना. दिवाळीनंतर."

"म्हणजे एकवीस-बावीस."

"नाही ओ, वीसच. डिसेंबर."

"तेच म्हणतोय. एकवीस-बावीस."

हे बराच वेळ चाललं. बापूला वाटलं, नाना त्याला खोट्यात पाडताहेत. नानांना वाटलं, हा मूर्ख आहे. दोघंही थोडेफार बरोबर होते.

"कागद?"

"पुरात गेले."

सांगलीत कर सल्लागाराच्या जिन्यावर हे वाक्य जितक्या वेळा उच्चारलं गेलंय तितक्या वेळा गणपतीची आरतीही झाली नसेल. माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद पुरात गेले, तिसऱ्या मजल्यावरचे गेले, पुण्याला राहणाऱ्या मुलाकडचेही इथल्या पुरात गेले. नानांनी चष्म्यावरून बघितलं. "पूर वीस-एकवीसचा. तू विकलीस एकवीस-बावीसला. व्यवहाराच्या आधी सव्वा वर्ष कागद वाहून गेला होय रे?"

ए.वाय.चा उपयोग होतो तो असा.

मग सातबारा निघाला, खरेदीखत निघालं आणि नाना खुशीत आले. माणूस सापडला की नाही याच्याशी त्यांना फार देणंघेणं नसतं. जमीन सापडली पाहिजे. कायदा असा की शेतजमीन खेड्यातली असेल तर करातून सुटते. पण खेडं कुठं संपतं ते कायद्याने मोजून ठेवलंय. शहराची लोकसंख्या दहा लाखांवर असेल तर हद्दीपासून आठ किलोमीटर, एक ते दहा लाखांत असेल तर सहा, त्याखाली दहा हजारांपर्यंत दोन. सांगली-मिरज-कुपवाड २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे सहा किलोमीटर. बापू उसळून म्हणाला, "मग सुटलो की! गाडीचा काटा नऊ दाखवतो."

"गाडीने नाही. हवेतनं. कावळा जातो तसं."

कायद्यात कावळा नाही, पण अंतर हवाई मार्गाने मोजायचं असं स्पष्ट लिहिलंय. नानांनी बापूचा फोन घेतला, नकाशा उघडला, खणातून स्टीलची फूटपट्टी काढली आणि काचेवर ठेवली. पट्टी टेकली की नकाशा मोठा होई. पट्टी उचलली की सांगली सरकून मिरजेच्या जागी येई. नानांनी अंगठ्याने महापालिकेची हद्द दाबून धरली, तर बापूच्या आत्याला फोन लागला. शेवटी हिशेब लिहिणाऱ्या मुलीने फोन हातात घेऊन बोटाने दोन टिंबं दिली आणि सांगितलं, "पाच पॉइंट सहा." नाना म्हणाले, "पट्टीनेही तेच येत होतं." उत्तरासोबत अर्थात तलाठ्याचा दाखला जोडला. पट्टी पुन्हा खणात गेली.

बापू खचला. इथे एरवीचा वकील भाव वाढवतो. नानांनी कोरा कागद घेतला, १ एप्रिल २००१ चा त्या जमिनीचा भाव काढला, त्याला विक्रीच्या वर्षीच्या महागाई निर्देशांकाने, म्हणजे ३.०१ ने गुणलं आणि बेचाळीस लाखांतून वजा करत करत नफ्याचा आकडा असा खाली आणला की बापूने पाणी मागितलं. मग दम भरला. "आता एक ऐक. समजलं नाही म्हणून राहिलं, ते राहिलं म्हण. दडवादडवी करू नकोस. कमी दाखवलं तर बुडालेल्या कराच्या पन्नास टक्के दंड, खोटं दाखवलं तर दोनशे. पुराचं नाव काढशील तर दोनशेत जाशील."

उत्तर पाठवायच्या दिवशी नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पूर्वी सुनावणीला साहेबासमोर उभं राहायला लागायचं, तेव्हाचा तो शर्ट. आता सगळं फेसलेस. साहेब कुठल्या शहरात बसतो ते साहेबालाच ठाऊक. तरी नाना शर्टाची वरची गुंडी लावतात, खुर्चीत ताठ होतात आणि मगच त्या मुलीला म्हणतात, "दाब."

या माणसाचा मला राग येतो. फी विचारली की "बघू की" म्हणतात आणि नंतर बघतात ते आपल्यालाच बघावं लागतं. मे महिन्यापासून 'पासबुक छापून आणा' असे निरोप रात्री अकराला पाठवतात. पण एक गोष्ट मला नाइलाजाने लिहावी लागतेय. रिटर्न का भरलं नाहीस, असं त्यांनी बापूला विचारलं नाही. कोणालाच विचारत नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पहिल्या वर्षी आळस असतो. दुसऱ्या वर्षी भीती. तिसऱ्यापासून लाज. लाजेला काय विचारायचं?"

त्यांच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. मुदतठेवींच्या व्याजातून दर वर्षी बँक कर कापत होती आणि बाई 'रिटर्न भरलं तर डोळ्यावर येऊ' म्हणून गप्प होत्या. देणं सरकारचं होतं, भीत होत्या त्या. नाना चिडले. उशीर माफ करण्याच्या अर्जाला कलम ११९ खाली वाट आहे, पण मागे जाता येतं पाचच वर्षं. त्या पाच वर्षांचे पाच अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. त्यापूर्वीचे पैसे गेले ते गेले. बाईंकडून फी घेतली का, हे मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "बघू की म्हणालेत."

आणि आता सरकारने नानांची बोलीच काढून घेतली. १९६१ चा कायदा संपून १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा. ८१९ कलमांची ५३६ झाली. गावात सगळ्यांना पाठ असलेलं एकुलतं एक कलम, ऐंशी सी, आता एकशे तेवीस. आणि ए.वाय. रद्द. आता सरळ 'टॅक्स इयर', कमाई ज्या वर्षाची तेच वर्ष. बातमी वाचून नाना दोन दिवस कोणावर ओरडले नाहीत म्हणे. काकूंनी डॉक्टरांना फोन केला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. जुन्या वर्षांना जुनाच कायदा लागतो, हे त्यांनी शोधून ठेवलं होतं. शेवटचं ए.वाय. सव्वीस-सत्तावीस. राहिलेलं अपडेटेड रिटर्न ए.वाय. संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं. कागदावर हिशेब मांडून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: ३१ मार्च २०३१. "तोवर आहे," म्हणाले.

म्हणजे सांगलीत जोवर कोणी तरी रिटर्न चुकवतोय, तोवर नानांची कालगणना चालू. तेव्हा ज्यांची राहिली असतील त्यांनी जरूर जावं, पण २०३१ ची वाट बघू नये. पहिल्या वर्षात जादा कर पंचवीस टक्के, चौथ्यात सत्तर. जाताना पासबुक छापून न्यावं. आणि पुराचं सांगू नये. कुठल्या गल्लीत पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, हे त्यांना ए.वाय.सकट पाठ आहे.